पखवाज मुलाचा, कान घरच्यांचा

कर्जत-खालापूरकडच्या एखाद्या गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की पखवाजवाल्याच्या मागे दोन-चार मुले ठाण मांडून बसतात. आधी त्यांच्या हातात टाळ येतो. मग कधीतरी हरिपाठाला पखवाजावर हात ठेवायची परवानगी मिळते आणि तिथून घरी हट्ट सुरू होतो. कडाव-कशेळ्यापासून चौक-वावोशीपर्यंत कितीतरी मुलांचे पहिले संगीत विद्यालय म्हणजे गावचे भजनी मंडळच. घरचे हौसेने पखवाज आणून देतात, क्लास लागतो. पुढे बऱ्याच घरांत एकच गोष्ट घडते. काही महिन्यांत रियाज सुटतो, पखवाज कोपऱ्यात जातो आणि मोठी माणसे म्हणतात, "त्याच्या अंगात नव्हतेच ते."

हा निकाल फार घाईचा आहे. मुले वाद्य कशी शिकतात आणि का सोडतात, यावर मानसशास्त्रज्ञांनी आणि मेंदूच्या अभ्यासकांनी गेली तीस-पस्तीस वर्षे बरेच काम केले आहे. त्यातून पालकांच्या उपयोगाची एक गोष्ट स्पष्ट दिसते. सुरुवातीच्या वर्षांत मूल टिकते की नाही, हे घरी रियाज कसा होतो यावर खूप अवलंबून असते. आणि तो नीट व्हावा यासाठी पालकाला स्वतः वाद्य वाजवता यावे लागत नाही.

आई-वडिलांना सूर कळायलाच हवा का?

ब्रिटनमधल्या जेन डेव्हिडसन, जॉन स्लोबोडा, मायकेल हाउ आणि डेरेक मूर यांनी 1996 मध्ये 8 ते 18 वयोगटातल्या 257 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात संगीतात पुढे गेलेली मुले होती, तशीच शिकणे सोडून दिलेलीही होती. पुढे गेलेल्या मुलांच्या घरात एक समान धागा सापडला. त्यांचे आई-वडील सुरुवातीच्या काळात शिकवणीच्या वेळी हजर राहत, शिक्षकांशी बोलत आणि घरच्या रियाजाला मुलाजवळ बसत. ते स्वतः वादक असणे मुळीच गरजेचे नव्हते. मुले मोठी होत गेली तसा त्यांचा रियाज त्यांच्याच ओढीने चालू लागला आणि पालक मागे सरले. याच संशोधकांना असेही दिसले, की यशस्वी मुलांना आपले पहिले शिक्षक प्रेमळ आणि मोकळे वाटले होते. कडक शिस्तीचा गुरू पुढच्या टप्प्यावर उपयोगी पडतो. पहिल्या गुरूने मात्र आधी गोडी लावावी लागते.

आपल्या गुरुकुलांचे बळही या जवळिकीत होते. शेजारच्या पनवेल तालुक्यात, पळस्पे येथे, रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (1929–1990) यांनी गुरुकुल उभारले. गुरूच्या सहवासात राहणाऱ्या शिष्याचा चुकलेला स्वर लगेच जाणत्या कानावर पडतो. आठवड्यातून एक-दोनदा क्लासला जाणाऱ्या मुलाला हे सुख नाही. मधल्या दिवसांत ते आणि त्याची चूक, दोघेच असतात. ती पोकळी घरच्यांनी भरून काढायची आहे.

तास मोजू नका, चूक पकडा

'10,000 तासांचा नियम' अनेकांनी ऐकलेला असतो. त्याचे मूळ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या 1993 च्या अभ्यासात आहे. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या सर्वोत्तम व्हायोलिनवादकांनी विसाव्या वर्षापर्यंत सरासरी 10,000 तासांहून अधिक रियाज केला होता. पण सरासरी म्हणजे नियम नव्हे. ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा संगीतातल्या कौशल्याच्या फरकापैकी सुमारे 21 टक्के फरकाचाच रियाजाशी संबंध लागला. रियाज लागतोच, पण नुसते तास मोजून फार काही कळत नाही.

मग कळते कशातून? ऑस्ट्रेलियात गॅरी मॅकफर्सन आणि जेम्स रेनविक यांनी वाद्य शिकू लागलेल्या सात मुलांचे घरचे रियाज तीन वर्षे व्हिडिओवर टिपले. वाजवण्याच्या वेळातला 90 टक्क्यांहून अधिक वेळ ही मुले धून पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती वाजवत होती. चूक झाली तरी पुढे, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. याच्या उलट टोकाचे चित्र अमेरिकेतल्या रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांच्या 2009 च्या प्रयोगात दिसते. त्यांनी पियानोच्या 17 प्रगत विद्यार्थ्यांना एक अवघड तुकडा बसवायला दिला. दुसऱ्या दिवशी ज्यांनी तो उत्तम वाजवला, त्यांनी आदल्या दिवशी जास्त वेळ किंवा जास्त आवर्तने केली होती असे नव्हते. चूक नेमकी कुठे आणि का होते हे त्यांनी ओळखले, लय कमी केली, तेवढाच भाग घेतला आणि तो बरोबर येईपर्यंत सोडला नाही.

हे चौतालावर लावून पाहा. बारा मात्रांचा हा ठेका 'धा धा, दिं ता, किट धा, दिं ता, तिट कत, गदि गन' असा जातो. नवशिक्याचा हात बहुतेक वेळा 'तिट कत, गदि गन'वर अडखळतो, आणि मूल पुन्हा पहिल्या 'धा'वर जाते. त्यामुळे आधीच येणाऱ्या मात्रांचा सराव होत राहतो आणि न येणाऱ्या तशाच राहतात. जवळ बसलेल्या आईला तालाचे शास्त्र माहीत नसले तरी हात कुठे अडतो हे तिला ऐकू येते. "तेवढेच घे, सावकाश घे," एवढे तिने म्हटले तरी पुरते. चार मात्रा संथ लयीत लागोपाठ चार-पाच वेळा स्वच्छ आल्या, की मागच्या दोन जोडायच्या, मग पूर्ण आवर्तन, आणि शेवटी बरोबरीच्या लयीवरून दुगुन.

इथे भजनाची एक मर्यादा ध्यानात घ्यावी. भजन थांबत नाही. बुवांनी अभंग धरला की चुकलेल्या मात्रेसाठी कोणी मागे फिरत नाही, आणि ते बरोबरच आहे. साथ धरून ठेवणे, लय न सोडणे, समेवर येणे हे मूल मंडळातच शिकते. चूक दुरुस्त करणे मात्र घरच्या एकांतात शिकावे लागते. मुलाला दोन्ही मिळायला हवे.

विसावा हाही रियाजच

'बैठक मोडू नकोस' असे आपण मुलांना सांगतो. मेंदूचे म्हणणे जरा वेगळे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्लेन बॉनस्ट्रुप आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये एक साधा प्रयोग केला. लोकांना बोटांनी एक ठरावीक क्रम वाजवायला सांगितला, 10 सेकंद सराव आणि 10 सेकंद विसावा अशा फेऱ्यांत. सुरुवातीची सुधारणा मुख्यतः विसाव्यानंतर दिसली. मॅथ्यू वॉकर यांच्या गटाने 2002 मध्ये अशाच बोटांच्या क्रमावर दाखवले, की एका रात्रीच्या झोपेनंतर वेग सुमारे 20 टक्क्यांनी वाढतो. दिवसभर जागे राहून गेलेल्या तेवढ्याच तासांत तसा लाभ दिसला नाही. झोपेचा हा परिणाम नेमका किती, यावर पुढे वादही झाले. पण दमलेल्या, झोप न झालेल्या मेंदूत नवे शिकणे नीट बसत नाही, यावर सर्वसाधारण एकमत आहे.

आठ-दहा वर्षांच्या मुलाने तासभर सलग बसण्यापेक्षा सकाळी पंधरा मिनिटे आणि संध्याकाळी पंधरा मिनिटे बसलेले चांगले. मधे थांबून ते खिडकीबाहेर बघत बसले तर रागावू नये. सप्ताहात रात्रभर जागर झाला असेल, तर दुसऱ्या दिवशी नवा बोल शिकवू नये.

पखवाज नसतानाचा रियाज

सगळ्यांना वाद्य विकत घेणे जमत नाही. घाटपायथ्याच्या ठाकूरवाड्या आणि कातकरीवाड्यांत लयीची जाण उपजत असलेली मुले आहेत. पण कातकरी कुटुंबे पावसाळा सरल्यावर वीटभट्ट्यांवर जातात, त्यांच्यासोबत मुलेही जातात आणि शिकणे तुटते.

अशा मुलांसाठी आपल्या परंपरेत उपाय आहे, तो म्हणजे पढंत. हाताने टाळी देत बोल तोंडाने म्हणायचे. न्यूरोशास्त्रज्ञ अल्वारो पास्कुअल-लिओन यांच्या 1995 च्या प्रयोगाने या पद्धतीला आधार मिळतो. वादन न येणाऱ्या लोकांना त्यांनी पियानोवर पाच बोटांचा एक क्रम शिकवला. एका गटाने पाच दिवस, रोज दोन तास तो वाजवला. दुसऱ्या गटाने पियानोसमोर बसून तेवढाच वेळ तो फक्त मनात वाजवला. मेंदूच्या बाह्यपटलातला बोटांचा हालचाल-नकाशा दोन्ही गटांत विस्तारला. मनात वाजवणारे हातात थोडे मागे होते, पण एकदा प्रत्यक्ष सराव मिळताच ते बरोबरीला आले. एसटीत, शेताच्या बांधावर किंवा भट्टीवर मांडीवर हात ठेवून म्हटलेला ठेका म्हणजे खराखुरा रियाज आहे. वाद्य मिळेल त्या दिवशी त्याचे फळ दिसते.

शाईतले भौतिकशास्त्र आणि पाऊस

वाद्य सुरात असणे ही चैन नव्हे, कारण मुलाचा कान त्याच आवाजावर घडत असतो. साध्या ढोलाचे ताणलेले चामडे ज्या कंप्रतांनी थरथरते, त्या एकमेकींच्या पूर्ण पटीत नसतात: 1 ला 1.59, 2.14, 2.30 अशा. म्हणून ढोलाला दणका असतो, पण ठाम सूर नसतो. पखवाज आणि तबल्याच्या पुडीवर लोहचूर्ण घातलेली शाई थरांवर थर देऊन बसवतात आणि मधोमध पडलेल्या या वजनाने त्या कंप्रता पूर्ण पटीत येतात. हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत 1920 मध्ये 'नेचर' नियतकालिकात मांडले आणि 1934 मध्ये सविस्तर दाखवले. पहिले पाच सुसंवादी स्वर देणारे तालवाद्य आपल्या अनाम कारागिरांनी कानाच्या जोरावर घडवले, भौतिकशास्त्राचे स्पष्टीकरण खूप नंतर आले.

ही सूक्ष्म रचना पावसाळ्यात बिघडते. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि भजनाचा भर नेमका आषाढ ते भाद्रपद असतो. चामडे दमट हवेतले पाणी शोषते, सैल पडते आणि पखवाज उतरतो. तो ओल धरलेल्या भिंतीला टेकवून ठेवू नये. सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून उंचावर ठेवावा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात घाईने सुकवला तर पुडी आणि शाई तडकू शकते. वाजवून झाल्यावर डाव्या बाजूची कणीक काढून टाकावी. गठ्ठे ठोकून सूर लावण्याचे काम सुरुवातीला शिक्षकांकडेच राहू द्यावे.

कान सांभाळा

आवाजाची मर्यादा मोठ्या माणसांसाठी अशी मानतात: 85 डेसिबलचा आवाज दिवसात 8 तास, आणि पुढे प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा. या हिशेबाने 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटे उरतात. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज मुलासाठी जास्त आहे. झांजा आणि ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्यापुढे मुलाला बसवू नये. ढोल-ताशा पथकात जाणाऱ्या मुलांना कानात घालायचे बोळे द्यावेत. मनगट, खांदा किंवा पाठ दुखली तर 'सवय होईल' म्हणू नये. पखवाज मुलाच्या मापाचा आहे का आणि बैठक नीट आहे का, हे आधी पाहावे.

गणितासाठी नको

संगीताने बुद्धी वाढते, गणित सुधारते, अशा जाहिराती सर्वत्र दिसतात. जिओव्हानी साला आणि फर्नांड गोबे यांनी 2020 मध्ये 54 अभ्यास आणि जवळजवळ 7,000 मुलांची माहिती एकत्र तपासली. प्रयोगाची रचना जितकी काटेकोर, तितका हा लाभ शून्याजवळ जात होता. शास्त्रीय संगीताच्या परीक्षांमुळे दहावीला मिळणारे सवलतीचे गुण जरूर घ्यावेत, पण शिकण्याचे कारण तेवढेच नसावे. मॅकफर्सन यांच्याच दुसऱ्या अभ्यासात, आपण हे वाद्य दीर्घकाळ वाजवणार असे सुरुवातीलाच म्हणणारी मुले, रियाज तेवढाच असूनही, लवकर सोडू म्हणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. 'मी पखवाजवाला होणार' असे मुलाला वाटणे हेच मोठे भांडवल आहे.

ते भांडवल कर्जत-खालापूरच्या भजनी मंडळांकडे भरपूर आहे. म्हणून मंडळांना विनंती आहे: सप्ताहात एक हरिपाठ मुलांच्या हाती द्या, आणि मंडळाचा एक जुना पखवाज दुरुस्त करून ज्या मुलाकडे वाद्य नाही त्याला रियाजासाठी द्या. पालकांनी रोज पंधरा मिनिटे फोन बाजूला ठेवून मुलाजवळ बसावे आणि कालच्यापेक्षा आज काय स्वच्छ आले ते त्याला सांगावे. पहिल्या दोन-तीन वर्षांत पालकांना यापेक्षा जास्त काही करावे लागत नाही. पण एवढे मात्र करावेच लागते.