फ्लोट चेंबर गेलं, त्याचं काम राहिलं

धारहून नालछ्यामार्गे मांडूला जाताना कार्बोरेटरची जुनी जिप्सी मे महिन्यात आचके देऊ लागली, की मालकाला इंजेक्शन बसवण्याचा मोह होतो. पैसा जातो इंजेक्टर, सेन्सर आणि ईसीयूवर. पेट्रोलची नळी मात्र जुनीच राहते. माझ्या मते असं रूपांतर फसतं ते बहुधा या नळीतच. कार्बोरेटरमधलं फ्लोट चेंबर दोन कामं निमूटपणे करत असे: थोडं पेट्रोल राखून ठेवणं आणि नळीतून आलेली वाफ बाहेर सोडणं. इंजेक्टरमागे अशी शिल्लक नसते. पंपाने हवा ओढली की इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमधला दाब पडतो आणि इंजिन तिथेच अडखळतं.

यावर मेकॅनिकचं उत्तर ठरलेलं असतं, ‘दाब 3 बार आहे, पेट्रोल उकळेलच कसं?’ पंपाच्या पुढे हे खरंच आहे. पण पंपाच्या मागे, ओढणाऱ्या नळीत, दाब हवेच्या दाबाहूनही थोडा कमीच असतो आणि मांडूच्या सुमारे 600 मीटर उंचीवर हवेचा दाबही समुद्रसपाटीपेक्षा साधारण 0.07 बारने घटतो. नळी सायलेन्सरजवळून गेली असेल तर वाफ तिथेच धरते. म्हणून पंप टाकीत बुडलेला हवा. ते जमत नसेल तर टाकीच्या तळापेक्षा खाली आणि जवळ, त्याआधी जाड जाळीचा फिल्टर, बारीक फिल्टर पंपानंतर. टाकीत आडपडदे नसतील तर चढावर, वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं. तिथे छोटी सर्ज टाकी फ्लोट चेंबरची राखीव जागा भरून काढते.

परतीची नळी नव्या गाड्यांत दिसत नाही, मग आपल्याला कशाला, हा आक्षेप अर्धवट आहे. त्या गाड्यांत दाब राखणारा रेग्युलेटर टाकीतच किंवा टाकीजवळ असतो; जादा पेट्रोल तिथल्या तिथे परततं. रेग्युलेटर इंजिनापाशी बसवला तर ताशी 100 लिटर ढकलणाऱ्या पंपाचं जवळजवळ सगळं पेट्रोल, इंजिन रिकामं फिरताना, मागे जातं. परतीची नळी अरुंद असेल तर रेलचा दाब नको तितका चढतो. शिवाय हे परतणारं पेट्रोल इंजिनाची उष्णता टाकीत नेतं. टाकी अर्ध्याखाली आली की ते जास्तच जाणवतं.

रबरी होजवर एसएई जे30 आर9 छापलेलं असावं. कार्बोरेटरची साधी होज इंजेक्शनच्या दाबासाठी नसते. स्टीलच्या पाइपाच्या टोकाला फुगवटा काढावा, क्लिप त्याच्या मागे बसवावी, आणि ती रबर न कापणाऱ्या, दुमडलेल्या कडांची असावी. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सर्रास मिळतं. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं.