आधी पासपोर्ट, मग तिकीट

मराठी घरातली युरोपची सहल बऱ्याचदा दिवाळीच्या फराळावर ठरते. मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात, मे महिना मोकळा असतो, आईबाबांचे गुडघे अजून चालतायत तोवर त्यांनाही नेऊन आणू, असं कुणीतरी म्हणतं. त्याच रात्री मोबाइलवर विमानाची तिकिटं पाहिली जातात आणि स्वस्त दिसली की घेऊनही टाकली जातात. घोळ इथून सुरू होतो. तिकिटाच्या तारखा पक्क्या, पैसे परत न मिळणारे, आणि मग लक्षात येतं की बाबांचा पासपोर्ट जुलैमध्ये संपतोय, व्हिसाची अपॉइंटमेंट मिळत नाहीये आणि धाकट्याचं नाव तिकिटावर वेगळंच पडलंय. परदेशच्या सहलीत लोक दमतात ते हिंडून कमी आणि निघण्याआधीच्या तीन आठवड्यांच्या धावपळीने जास्त. यातली बरीचशी धावपळ केवळ कामांचा क्रम उलटा लागल्यामुळे होते.

पहिलं काम पासपोर्टचं. शेंगेन देशांचा नियम असा, की तिथून परत निघण्याच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत किमान ३ महिने उरलेली हवी, तो गेल्या १० वर्षांत काढलेला हवा आणि त्यात किमान २ पानं कोरी हवीत. थायलंड, सिंगापूर, दुबईसाठी ६ महिने धरून चालावं. मोठ्यांचा पासपोर्ट १० वर्षांचा असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. लहान मुलांचा ५ वर्षांचाच असतो, हे विसरलं जातं. मुदत संपायला वर्ष उरलं की नव्यासाठी अर्ज करता येतो, त्यामुळे शेवटच्या दिवसाची वाट बघण्यात काही अर्थ नाही. पोलीस पडताळणी लागली तर ती आपल्या सवडीने होत नाही.

दुसरी गोष्ट नावाची, आणि ती खास आपल्याकडची आहे. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं लिहितो. अनेक मराठी पासपोर्टांवर पहिल्या दोन्ही गोष्टी ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात एकत्र असतात. आधारवर क्रम निराळा, बँकेत नुसती आद्याक्षरं, आणि लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर एकाच बाईची तीन कागदांवर तीन नावं. तिकीट आणि व्हिसा अर्जासाठी पासपोर्टवर आहे तेच नाव खरं, अक्षरन् अक्षर. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांना पर्यटक व्हिसावर प्रवेश न देण्याचा नियम लागू केला, तेव्हा कित्येकांचे डोळे विमानतळावर उघडले होते.

आता व्हिसा. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या छोट्या गावाजवळ १४ जून १९८५ रोजी ५ देशांनी सीमा खुल्या करण्याचा करार केला. आज या व्यवस्थेत २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसूनही शेंगेनमध्ये आहे, आयर्लंड संघात असूनही नाही आणि ब्रिटनचा व्हिसा पूर्ण वेगळा. पॅरिसला जोडून लंडन करायचं असेल तर दोन अर्ज, दोन शुल्कं आणि काही आठवडे पासपोर्ट आळीपाळीने दुसऱ्यांच्या ताब्यात, एवढी तयारी हवी. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला लंडन सोडून द्यावं.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. म्हणजे मे महिन्याच्या सहलीसाठी खिडकी नोव्हेंबरमध्ये उघडते. दिवाळीत ठरवणारं कुटुंब खरं तर अगदी वेळेवर असतं, पण ते अर्जाकडे वळतं मार्चमध्ये, आणि मार्चमध्ये सगळा भारत वळतो. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो. शंका असेल तर ४५ दिवसही लागू शकतात. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी निम्मं, त्याहून लहानांना माफ. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. २०२४ मध्ये भारतातून सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि त्यातले जवळपास १५ टक्के नाकारले गेले. कागद तपासून जोडण्यासाठी दोन रविवार खर्च करायला हा आकडा पुरेसा आहे.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, यावर बरीच चुकीची माहिती फिरत असते. जिथे जास्त रात्री काढणार, त्या देशाकडे. रात्री समान असतील तर जिथे प्रथम उतरणार, त्या देशाकडे. ‘अमक्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते, तिथून घ्या आणि हवं तिथे फिरा’ हा सल्ला देणारा एजंट तुमच्यासोबत सीमेवर उभा राहत नाही. अनेक देशांचे अर्ज व्हीएफएस ग्लोबल या कंपनीच्या केंद्रांमध्ये घेतले जातात. आज जगभर पसरलेली ही कंपनी २००१ मध्ये मुंबईतच सुरू झाली. ती फक्त कागद आणि बोटांचे ठसे गोळा करते. हो किंवा नाही हे वकिलातच ठरवते. त्यामुळे केंद्रावरच्या जादा पैशांच्या सेवांनी खुर्ची मऊ मिळेल, व्हिसाची शक्यता वाढणार नाही.

वकिलातीला दोनच गोष्टी पाहायच्या असतात: हा माणूस स्वतःच्या पैशांनी जातोय का, आणि परत येणार का. बँकेचा गेल्या काही महिन्यांचा उतारा, आयकर विवरणपत्रं, नोकरीतून रजा मंजूर झाल्याचं पत्र, धंदा असेल तर त्याची नोंदणी, आणि सहलीचा दिवसवार आराखडा यांतून हे कळतं. अर्जाच्या आठवडाभर आधी मामांकडून पाच लाख खात्यात फिरवून घेण्याची युक्ती जुनी झाली, तपासणाऱ्यालाही ती पाठ आहे. मुलं फक्त आजी-आजोबांबरोबर किंवा एकाच पालकाबरोबर जाणार असतील, तर उरलेल्या पालकांचं संमतीपत्र लागतं. विमानाचं फक्त आरक्षण जोडावं, न परतणारं तिकीट व्हिसा हातात आल्यावरच घ्यावं. हॉटेलंही रद्द करता येणारी निवडा. चार हजार वाचवण्यासाठी चाळीस हजार टांगणीला लावणं हा हिशोब मला कधीच कळलेला नाही.

एक चांगली बातमी. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी वेगळे नियम आले. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नीट वापरले असतील, तर पुढचा व्हिसा २ वर्षांचा आणि अनेक फेऱ्यांचा मिळू शकतो, त्यानंतरचा ५ वर्षांचा. अर्थात प्रत्येक १८० दिवसांत ९० दिवसांचीच मर्यादा राहते. मुलगी जर्मनीत नोकरी करते आणि आईबाबा वर्षाआड जातात, अशा घरांना याचा खरा उपयोग.

कागद लागले की मग कुठे, काय पाहायचं. इथेही क्रमापेक्षा कॅलेंडर महत्त्वाचं. ‘सिलसिला’ (१९८१) पाहिलेल्या पिढीला हॉलंडच्या कोयकेनहोफमधली ट्युलिपची शेतं हवीच असतात, पण ती बाग मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच उघडी असते. पंधरा मेला पोचलात तर दाराला कुलूप. स्वित्झर्लंडमधले फुर्का, ग्रिम्सेल यांसारखे उंच घाटरस्ते मेमध्ये बहुधा बर्फामुळे बंदच असतात आणि काही केबल कारही वसंतात देखभालीसाठी थांबतात. १ मे आणि ८ मे या फ्रान्समध्ये सुट्ट्या. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद. अ‍ॅमस्टरडॅममधल्या अ‍ॅन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची. मिलानला लिओनार्दोचं ‘शेवटचं भोजन’ पाहायला १५ मिनिटं मिळतात आणि त्या १५ मिनिटांसाठी महिनोन्‌महिने आधी नंबर लावावा लागतो. अशी दोन-तीन ठिकाणं आधी पकडून ठेवा आणि बाकीचे दिवस मोकळे सोडा. आठ दिवसांत पाच देश करणाऱ्याला शेवटी बसच्या खिडकीच्या काचाच आठवतात.

ग्रुप टूरने जाणाऱ्यांना वाटतं, हे सगळं कंपनी बघेल. तारखा, हॉटेलं, जेवण ती बघेलही. पासपोर्टची मुदत, नावाचं स्पेलिंग आणि तुमचा रक्तदाब तिच्या कक्षेत येत नाही.

रक्तदाबावरून विम्याकडे येऊ. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं विमा संरक्षण सक्तीचं आहे, म्हणून लोक सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेतात आणि उघडूनही पाहत नाहीत. ज्येष्ठांच्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांचं कलम आवर्जून वाचा. मधुमेह, हृदयविकार लपवून घेतलेला विमा नेमका लागेल तेव्हा निरुपयोगी ठरतो. युंगफ्राउयोख हे रेल्वे स्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे. अँजिओप्लास्टी झालेल्या आजोबांना तिथे नेण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारणं हे त्यांच्यासाठी थर्मल घेण्याइतकंच गरजेचं. औषधं पुरून वर आठवडाभर उरतील एवढी, मूळ वेष्टनात, हातातल्या सामानात ठेवा. चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्या, कारण आपल्याकडचे ब्रँड तिथल्या केमिस्टला कळत नाहीत.

खाऊच्या पिशवीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपला जीव तिथे अडकलेला असतो. युरोपीय संघात बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे मुलीसाठी नेलेलं घरचं तूप, खवा, पनीर अडकू शकतं. ताज्या फळांना रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. त्यातून सूट आहे ती केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियनला, हापूसला नाही. फळमाशीच्या कारणावरून युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंब्याची आयातच थांबवली होती आणि जानेवारी २०१५ मध्ये ती उठवली, यावरून त्यांची सावधगिरी समजून घ्या. ताजा कढीपत्ताही घरीच ठेवा. चकली, चिवडा, भाजणी, मेतकूट निर्धास्त न्या. सुकं खोबरं मात्र ज्वलनशील म्हणून विमान कंपन्या अडवतात. आणि वाटेत दुबईत एक-दोन दिवस थांबणार असाल तर अनारसे नकोत. त्यावरची खसखस तिथे बेकायदा आहे.

पैशांचं काम निघण्याच्या आठवड्यात उरकतं, पण करावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपली कार्डं परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमधून ती चालू करून मर्यादा ठरवा. दुकानात मशीन ‘रुपयात की युरोत?’ असं विचारतं तेव्हा युरो निवडा, रुपयात पैसे देण्याच्या सोयीचा दर बहुधा महाग पडतो. स्वित्झर्लंडचं चलन फ्रँक आहे, हे तिथे उतरल्यावर कळू नये. बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, म्हणून इथलं सिम रोमिंगसह चालू ठेवा आणि इंटरनेटसाठी वेगळं ई-सिम घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी यूपीआय चालतं हे खरं, पण कोपऱ्यावरच्या बेकरीत ते गृहीत धरू नका. टूर कंपनीने कापलेला टीसीएस हा वेगळा खर्च नाही, तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पावती जपा.

युरोपच्या सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने नवी नोंदणी पद्धत आली आहे. शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतले जातात. ही तपासणी तुम्ही शेंगेनमध्ये जिथे प्रथम उतरता तिथेच होते, त्यामुळे फ्रँकफर्टमार्गे रोमला जाताना मधला वेळ दीड तासाचा ठेवू नका. तीन तास धरा, आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असू द्या. म्हणजे पहिलं उशिरा आलं तर पुढची सोय विमान कंपनीला करावी लागते. पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यायची असते. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते, मर्यादा १०० ची आहे.

शेवटचं काम दहा मिनिटांचं. पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि तिकिटांच्या प्रती घरी राहणाऱ्या एका भरवशाच्या माणसाकडे द्या आणि एक संच स्वतःकडे पासपोर्टपासून वेगळ्या बॅगेत ठेवा. पासपोर्ट हरवलाच तर आधी स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवा, मग भारतीय वकिलातीत जा. तातडीच्या वेळी तिथून मिळणाऱ्या इमर्जन्सी सर्टिफिकेटवर फक्त भारतात परतता येतं, पुढची सहल करता येत नाही. आणि कुठल्याही संकटात युरोपीय संघातल्या कोणत्याही देशात, कोणत्याही फोनवरून, मोफत लागणारा एकच नंबर घरातल्या प्रत्येकाकडून पाठ करून घ्या: ११२.