तेलाने भरलेले पात्र
पंचकर्मानंतरचे दिवस आणि कुटुंबाची जबाबदारी

वमन वसंतात, बस्ती वर्षाऋतूत आणि विरेचन शरदात, असा शोधनाचा ऋतुक्रम आयुर्वेदाने सांगितला आहे. व्यापारी कुटुंबाला यांतील शरद ऋतू सर्वांत अडचणीचा. पर्युषण नुकतेच आटोपलेले असते, आश्विनातील नवपद ओळी तोंडावर असते आणि दिवाळीचा माल दुकानात येऊ लागलेला असतो. रावेत, किवळे, पुनावळे या परिसरात राहून पिंपरी, आकुर्डी किंवा चाकण येथे व्यवसाय करणाऱ्या गृहस्थाला या दिवसांत दोन-अडीच आठवड्यांची सवड काढणे कठीण जाते. मग होते असे की, घृतपानाचे व अभ्यंग-स्वेदनाचे दिवस नेमाने पाळले जातात, विरेचनाचा दिवस घरी जातो आणि दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी गृहस्थ चाकणच्या वाटेला लागतो. पुढे भोवळ, पायांत गोळे, पोटात कळ, अरुची आणि न सरणारा थकवा सुरू झाला, की घरात एकच वाक्य उमटते : पंचकर्म बाधले.

हे वाक्य नेहमीच खोटे असते असे नाही. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील सहावा अध्याय वमन-विरेचनाच्या व्यापत्तींसाठीच आहे. पोट फुगणे, गुदभागी कातरल्यासारखी वेदना होणे, अंग आखडणे, रक्तस्राव होणे, ग्लानी येणे अशा दहा व्यापत्ती तेथे चिकित्सेसह सांगितल्या आहेत. औषध कमी पडले तर अयोग, प्रमाणाबाहेर लागू पडले तर अतियोग. शोधनाने अपाय होऊ शकतो, हे आयुर्वेदाने कधीच लपविलेले नाही. परंतु शोधन यथास्थित होऊनही प्रकृती ढासळते, तेव्हा पहिली शंका नंतरच्या दिवसांची घ्यावी. शोधन जेथे संपल्यासारखे वाटते, तेथे त्याचा उत्तरार्ध सुरू झालेला असतो.

भरत चक्रवर्तींची कथा

शोधन झालेल्या मनुष्याला कसे जपावे, हे सांगताना चरकांनी तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राची उपमा दिली आहे. जैन कुटुंबांना हे पात्र परिचयाचे आहे. भरत चक्रवर्ती याच भवात मोक्षाला जातील, या भगवान ऋषभदेवांच्या वचनावर एकाने शंका घेतली. भरतांनी त्याच्या हाती तेलाने भरलेले पात्र देऊन त्याला नगरातून फिरविले. एक थेंबही सांडला तर प्राणदंड, अशी आज्ञा होती. वाटेत नृत्य-गायन चालू असूनही त्याला काही दिसले नाही, काही ऐकू आले नाही. शोधनानंतरच्या आठवड्यात तसेच अवधान हवे. बाजारातून जावे लागले तरी लक्ष पात्रावर असावे.

अठाईचे पारणे घराला ठाऊक असते

अठाईच्या तपस्व्याला पारण्याच्या दिवशी कोणी पंक्तीला बसवून मिष्टान्न वाढत नाही. मुगाचे पाणी, राब, हलके अन्न, मग हळूहळू नित्याचा आहार, हा क्रम घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना शिकवावा लागत नाही. आयुर्वेदातील संसर्जनक्रम याच जातीचा आहे. शोधनाने जठराग्नी मंद होतो. लहानशा ठिणगीवर ओंडका ठेवला तर ती विझते. गवत, गोवरी असे क्रमाने घातले तर ती पेटते. म्हणून उत्तम शुद्धीनंतर सात, मध्यम शुद्धीनंतर पाच आणि अल्प शुद्धीनंतर तीन दिवसांचा क्रम सांगितला आहे.

प्रथम पेया, म्हणजे तांदळाच्या चौदा पट पाण्यात शिजविलेली पातळ पेज. नंतर विलेपी, म्हणजे चौपट पाण्यातील दाट पेज. त्यानंतर मुगाचे कढण. आधी नुसते, मग तूप, सैंधव, जिरे, सुंठ घातलेले. शेवटी मऊ भात-वरण आणि मग नेहमीचे जेवण. प्राचीन ग्रंथांत या क्रमाच्या अखेरीस मांसरस येतो. शाकाहारी मनुष्यासाठी वैद्य मुगाच्या कढणावरच क्रम पूर्ण करतात. अन्नकाळ दिवसातून दोनच असल्याने सायंकाळची पेज सूर्यास्तापूर्वी सहज होते. कोणती पायरी किती वेळा, हे शुद्धी पाहून वैद्यांनी ठरवावे व कुटुंबाने ते लिहून घ्यावे.

आहाराइतकाच विहार महत्त्वाचा. मोठ्याने व फार बोलणे, वाहनाचे हादरे, फार चालणे, फार वेळ एका जागी बसणे, अजीर्ण असता जेवणे, अपथ्य खाणे, दिवसा झोपणे आणि मैथुन, या आठ गोष्टी चरकांनी या काळात वर्ज्य सांगितल्या आहेत. गिऱ्हाइकांशी बोलणे, गादीवर तासन्‌तास बसणे, चाकणच्या रहदारीतून ये-जा करणे, हा दुकानदाराचा दिनक्रम या यादीशी ताडून पाहिला, तर उलगडा होण्यास वेळ लागत नाही.

व्रत, नियम आणि औषध

जैन कुटुंबांपुढे आणखी काही प्रश्न असतात. वमनाच्या औषधात मध वापरण्याची रीत आहे. आसव-अरिष्टांत किण्वनाने मद्यांश उत्पन्न होतो. आपले नियम वैद्यांना आधीच सांगितल्यास पर्याय निघू शकतो. राष्ट्रकूट काळातील जैन आचार्य उग्रादित्य यांनी मद्य, मांस व मध वर्ज्य करून ‘कल्याणकारक’ हा संपूर्ण वैद्यकग्रंथ रचला. तो १९४० मध्ये सोलापूर येथून हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला. नियम पाळून चिकित्सा ही मागणी नवी नाही.

मात्र तप आणि शोधन एकाच वेळी करू नये. स्नेहपानात तूप हेच औषध असते, तर आयंबिलात तूप वर्ज्य. अठाईने क्षीण झालेल्या शरीरावर लगेच विरेचन घेणेही युक्त नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न चौविहाराचा. विरेचनाच्या रात्री घसा कोरडा पडतो, भोवळ येते आणि सूर्यास्त झाला म्हणून घर पाणी देण्यास कचरते. पच्चक्खाणाच्या पाठातच समाधी राखण्यासाठी औषधोपचाराचा आगार ठेवलेला आहे. गुरुमहाराजांशी याविषयी उपचारापूर्वीच बोलून घ्यावे. संकटाच्या रात्री वाद घालण्याची वेळ येऊ नये.

केव्हा थांबू नये

साधा थकवा, किंचित अरुची, एक-दोन दिवसांची मलावरोधाची तक्रार विश्रांतीने व पथ्याने निवळते. जुलाब चालू राहिले तर पाण्याबरोबर क्षारही शरीराबाहेर जातात. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते घोट-घोट द्यावे. शहाळ्याचे पाणी चांगले. परंतु त्यात पोटॅशियम असल्याने मूत्रपिंडाच्या रुग्णाने ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

शुद्ध हरपणे, मलातून रक्त जाणे, लघवी फार कमी होणे, सतत उलट्या, तीव्र ताप, छातीत धडधड किंवा असंबद्ध बोलणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. शिरेतून सलाईन देणे, रक्तातील सोडियम-पोटॅशियम तपासणे ही कामे तेथेच होतात. ‘दोष बाहेर पडत आहेत, पडू द्या’ या समजुतीने अशा वेळी थांबणे प्राणावर बेतू शकते.

मधुमेह व रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना धोका अधिक. आहार पेजेवर आला आणि मधुमेहाची मात्रा तीच राहिली, तर साखर एकाएकी उतरते. मूत्रल गोळी चालू असेल तर शरीरातील पाणी आणखी घटते. मात्रा स्वतः बदलू नये, गोळी स्वतः बंद करू नये. वैद्य आणि नेहमीचे डॉक्टर, दोघांनाही एकमेकांच्या औषधांची माहिती द्यावी. चिकित्सकाची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडील नोंदणी पाहावी आणि रात्री-अपरात्री त्रास झाल्यास कोणाला दूरध्वनी करावयाचा, हे आधीच विचारून ठेवावे. उत्तर मिळत नसेल, तर तेथे उपचार घेऊ नयेत.

व्यापारी मनुष्य कोणत्याही सौद्यात हिशेब शेवटापासून मांडतो. पंचकर्माचाही तसाच मांडावा. दुकानात परतण्याचा दिवस प्रथम ठरवावा; त्यामागे संसर्जनाचे सात दिवस, विरेचनाचा एक, त्याआधी अभ्यंग-स्वेदनाचे सुमारे तीन आणि घृतपानाचे तीन ते सात दिवस मोजावेत. एवढे दिवस दिवाळीपूर्वी निघत नसतील, तर या वर्षी विरेचन घेऊ नये. वैद्यांच्या सल्ल्याने पथ्य-पाणी सांभाळावे. शोधन पुढच्या शरदातही होऊ शकते. घाईने मोडलेली प्रकृती पूर्ववत होण्यास मात्र महिने लागतात, आणि ते महिने दुकानाला, कुटुंबाला व धर्मसाधनेला सारखेच महाग पडतात.