तणाला फुलू देऊ नका

पावसाच्या पहिल्या चार सरी येऊन गेल्या, की आपण हौसेने भेंडी, गवार, काकडीचे बी टोकतो. आठ दिवसांनी पाहावे तो वाफा हिरवागार! पण जवळ जाऊन बसले की कळते, या हिरवाईत आपली भेंडी चार आणि बिनबोलावलेले पाहुणे चाळीस. ‘तण खाई धन’ असे शेतकरी म्हणतात, ते काही शेतापुरतेच खरे नाही. परसातल्या दोन वाफ्यांचे खत-पाणीही आधी तणच खाते. आपल्या भाजीच्या वाट्याला येते ते उरलेसुरले.

“अहो, रोज तर उपटते, तरी येतंच!” असे पुष्कळ जणी म्हणतात. येणारच. कारण सगळी तणे एका जातीची नसतात. कुणी बियांनी पसरते, कुणी जमिनीखालच्या गाठींनी, तर कुणी नुसत्या तुटलेल्या कांडीने. कोणते तण कशाने वाढते एवढे ओळखले, की निम्मे काम झाले.

सर्वांत आधी गाजरगवत, कारण ते बागेपेक्षा माणसांना जास्त छळते. गाजरासारखी नाजूक कातरलेली पाने, वर पांढरी बारीक फुले. आपल्याकडे हा उपद्रव प्रथम लक्षात आला तो १९५५च्या सुमारास, पुण्यात. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे मानतात. आता रस्त्याकडेला, रिकाम्या प्लॉटवर, कुठे नाही ते सांगा! आमच्या मामंजींना दर पावसाळ्याच्या अखेरीस पापण्या, मान आणि कोपराच्या खाचांत भयंकर खाज सुटायची. कातडी जाड, काळी पडायची. दोन वर्षे साबण बदलून पाहिले, वांगी बंद केली. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “घराजवळ गाजरगवत आहे का?” होते, आमच्या कुंपणाला लागूनच! या गवताचे बारीक कण हवेतून अंगावर येतात आणि ज्यांना ते सोसत नाही त्यांना असा त्रास होतो. काहींना दमाही होतो. त्याच कुळातल्या शेवंतीनेसुद्धा अशा माणसांची खाज वाढू शकते, म्हणून आमच्या घरी आता शेवंतीची वेणी दुरूनच पाहायची.

एका झाडाला दहा ते पंचवीस हजार बिया येतात आणि उगवल्यापासून महिना-दोन महिन्यांत ते फुलावर येते. म्हणून ते वीतभर असतानाच, पाऊस पडून माती ओली असताना, मुळासकट उपटावे. हातात रबरी मोजे, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट आणि तोंडाला ओढणी हवीच. फुले आली असतील तर झटकू नये. अलगद पोत्यात भरून तोंड बांधावे. शाळांतून श्रमदानाच्या तासाला मुलांना उघड्या हातांनी हे गवत उपटायला लावतात, ते मला मुळीच पसंत नाही. मी अर्धवेळ शिक्षिका असले तरी माझ्या वर्गाला हे काम देत नाही. मुलांनी झाडांना पाणी घालावे, कागद वेचावेत, कामे काय थोडी आहेत?

एक गंमत सांगते. पावसाळ्यात या गवतावर पांढुरक्या पाठीचे, तपकिरी रेघांचे छोटे भुंगे दिसतात. ‘कीड पडली’ म्हणून त्यांना मारू नका बरं का! ते मेक्सिकोहून मुद्दाम आणलेले आपले मदतनीस आहेत. १९८४ साली बंगळूरला ते प्रथम सोडले. ते आणि त्यांच्या अळ्या गाजरगवताची पाने फस्त करतात.

आता लव्हाळा. दिसायला किती साधा! गवतासारखे तीन-चार पात्यांचे झुपके. पण खाली काळपट गाठींची माळ असते. एक गाठ दोऱ्यासारख्या मुळीने दुसरीला जोडलेली, दुसरी तिसरीला. वरचे पाते ओढले की ते तुटून हातात येते आणि खाली झोपलेल्या गाठी जाग्या होतात. एकाच्या जागी तीन! आमच्याकडे निंदायला येणाऱ्या मावशी म्हणतात, “वहिनी, ह्येला वरनं ओढू नगा, खालची गाठ काडा.” खुरप्याने बाजूची माती सैल करून गाठीसकट काढावा, आणि जिथे नव्याने पाते दिसेल तिथे दर पंधरा दिवसांनी पुन्हा. पाने करू दिली नाहीत, तर गाठीतली शिदोरी हळूहळू संपते. याला सावली सोसत नाही. म्हणून लव्हाळ्याच्या वाफ्यात रताळ्याचे वेल किंवा लाल भोपळा पसरू द्यावा. काळा प्लास्टिकचा कागद घालून मात्र उपयोग नाही, याची टोकदार पाती कागद भोसकून वर येतात. मे महिन्यात वाफा टिकावाने खोल खणून ढेकळे उन्हात तापू द्यावीत. वाळलेल्या गाठी पुन्हा फुटत नाहीत. पाहा ना, दिवाळीच्या उटण्याला ज्याच्या गाठींचा सुवास, त्याच मोथ्याचा परसात असा जाच!

हरळीचे उलटे. तिला टिकावाने तुकडे तुकडे कराल तर प्रत्येक पेराला मूळ फुटून दसपट होईल. ती ओढून, लांबच्या लांब धागा काढल्यासारखी काढायची. गणपतीच्या एकवीस दुर्वांसाठी मी एका जुन्या बादलीत तिला राखून ठेवली आहे. जमिनीत थारा नाही.

केना तर भलताच लबाड! निळी फुले वर दिसतात, पण जमिनीखालीही त्याला फुले येतात आणि तिथेच बी धरते. शिवाय तोडलेली कांडी ओल्या मातीत पडली, की तिला मुळे फुटतात. म्हणून उपटलेला केना आणि घोळ वाफ्यात टाकून उठू नये. टोपलीत घ्यावा. कोवळी घोळ मात्र धुऊन, मुगाची डाळ घालून परतली की झकास लागते. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी तेवढी टाळावी.

तण येऊच नये म्हणूनही थोडे करता येते. वाफा तयार केला की लगेच बी टोकू नका. पाणी द्या, आठ-दहा दिवस थांबा. तणाचे वरवरचे बी उगवून येईल. ते खुरप्याने वरच्यावर खरवडून टाका आणि मग पेरा. खाली खोल खणलेत, तर खालचे बी वर येईल! रोपे टीचभर झाली, की मधल्या जागेत वाळका पाला, भुईमुगाची टरफले किंवा उसाचे पाचट दोन-तीन इंच पसरा, फक्त रोपाच्या बुंध्याला चिकटवू नका. आमच्या सातारा भागात पाचट सहज मिळते. त्याने पाणीही कमी लागते. कच्चे शेणखत घेऊ नये, गुराने खाल्लेल्या गवताचे बी त्यातून जसेच्या तसे उगवते. फरश्यांच्या फटीतल्या गवतावर भात वेळल्यावरची पेज किंवा उकळते पाणी ओतावे. मीठ मात्र नको. माती बिघडते.

राहिला फवाऱ्याचा प्रश्न. आमच्या शेजारी गेल्या वर्षी एका गड्याने उसाच्या शेतातला पंप आणून कुंपणावर तणनाशक मारले. वारा आमच्या बाजूचा. पाचव्या दिवशी आमच्या टोमॅटोची पाने पिळवटून दोरीसारखी झाली, तुळशीचे शेंडे वाकले. उसात वापरतात ते टू-फोर-डी रुंद पानांच्या झाडांनाच मारते, आणि आपल्या परसात तर सगळी रुंद पानांचीच! त्याहून भीती वाटते ती बाटल्यांची. उरलेले औषध सरबताच्या बाटलीत भरून न्हाणीघराच्या फळीवर ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. पॅराक्वाट नावाचे तणनाशक घोटभर जरी पोटात गेले, तरी त्यावर उतारा नाही. वीस बाय तीस फुटांच्या परसाला हे विष कशाला? माझे परस तेवढेच आहे. सकाळी दूध तापेपर्यंतची पंधरा मिनिटे, एक खुरपे आणि एक टोपली यात ते भागते. पाऊस पडून गेल्याचा दुसरा दिवस सर्वांत चांगला, मूळ अख्खे निघते.

टोपलीतले बी न धरलेले तण खुशाल खताच्या खड्ड्यात टाका. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीची मुळे पत्र्यावर पसरून खडखडीत वाळवा, मगच टाका. आणि रोपवाटिकेतून गुलाब-मोगऱ्याची कुंडी आणलीत, तर ती दारातच थांबवून मातीत बोट घालून पाहा. लव्हाळा पुष्कळदा तिथूनच घरात येतो.