घरात जड मशीन बसवताय? आधी सोलापूरचा माग बघा

घरी लेथ किंवा मोठं ड्रिल मशीन बसवायचंय? मग सोलापूरच्या पूर्व भागात एक चक्कर माराच. इथल्या पद्मशाली विणकरांच्या गल्ल्यांमध्ये राहतं घर आणि यंत्रमाग शेजारी शेजारी नांदत आलेत. घरगुती वर्कशॉपचा याहून चांगला धडा मला तरी ठाऊक नाही.

पहिली गोष्ट जमीन. मागाचा धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे फेकला जातो, प्रत्येक फेकीला हादरा. म्हणून माग तळमजल्यावर, पक्क्या काँक्रीटवर हवा. नुसत्या फरशीवर ठेवला की बोल्ट ढिले होतात आणि फरशीही तडकते. लेथचंही तसंच. शिवाय पाणसळ लावून समतल केली नाही तर बेड किंचित पिळतो आणि सरळ कातलेला जॉब टेपर निघतो.

उंची विसरू नका! चादरीची नक्षी उचलणारा जॅकार्ड मागाच्या डोक्यावर बसतो, त्यामुळे त्या शेडचं छप्पर उंच लागतं. मशीन घेण्याआधी दार, छत आणि मागची मोकळी जागा मोजा.

थ्री फेज असेल तर स्टार्टरला ओव्हरलोड रिले हवाच. एक फेज गेला तरी मोटर गुरगुरत राहते आणि जळते. पट्टा चढवण्याआधी मोटर कुठल्या दिशेने फिरते तेही बघा. उलटी फिरली तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून कुठल्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल करून घ्या.

आणि पट्ट्याला जाळी लावा, आजच.