सहलीची शेगडी

दरवर्षीं नाताळच्या सुट्टीपूर्वीं शिबिरास जाणाऱ्या मुलांची यादी फळ्यावर लागली, म्हणजे पालकांचे प्रश्न आमच्याकडे येऊं लागतात. पांघरुणें किती द्यावीं, खर्चास पैसे किती द्यावे, हे नेहमींचे प्रश्न असतातच. परंतु अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. “मुलगा घडीची शेगडी मागतो आहे, कोणती घेऊं?” बाजारांत अशा शेगड्या आतां पुष्कळ मिळतात. कांहीं पुस्तकासारख्या मिटतात, कांहीं पेटीसारख्या उघडतात, कांहीं झांकणाच्या व हंड्यासारख्या गोल असतात. चित्रांत तर सर्वच चांगल्या दिसतात. आम्हीं कित्येकांस शाळेच्या ओट्यावर उभ्याउभ्या उत्तरें दिलीं; त्यांचें समाधान झालें नसावें, म्हणून तोच विषय येथें सविस्तर लिहीत आहों.

प्रथम कोळसा जळतो कसा, हें पाहिलें पाहिजे. लांकूड पेटतें तेव्हां जी ज्वाला दिसते, ती लांकूड तापून त्यांतून निघणाऱ्या वायूंची असते. ते वायु अर्धवट जळले, कीं धूर होतो. तेंच लांकूड भट्टींत पुरेशी हवा न देतां तापविलें, म्हणजे त्यांतील पाणी व हे वायु निघून जातात आणि मागें बहुतांशीं नुसता कार्बन उरतो. तोच कोळसा. म्हणून चांगला कोळसा ज्वालेवांचून, धुरावांचून, लाल होऊन जळतो, व त्याची आंच किरणरूपानें वर येऊन जाळीवरचें कणीस भाजून काढते. तो किती वेगानें जळावा, हें मात्र त्यास मिळणाऱ्या हवेवर अवलंबून असतें. खालून हवा आंत यावी आणि वरून तापलेले वायु बाहेर जावे, अशी वाट ज्या शेगडींत आहे ती चांगली. ती वाट आपल्या मर्जीप्रमाणें लहानमोठी करतां येते ती उत्तम. निवडीचा बहुतेक विषय ह्या एका वाक्यांत आटोपला.

आमच्या आजीच्या मातीच्या शेगडीस खालीं एक तोंड असे. भाकरी फुगेनाशी झाली, कीं आजी त्या तोंडाशीं पंखा धरी; दूध वर येऊं लागलें, कीं तेंच तोंड विटेच्या तुकड्यानें झांकी. पदार्थविज्ञान तिनें शिकलें नव्हतें, पण हवेची किल्ली तिच्या हातीं होती. जपानांत शिचिरिन नांवाची लहान शेगडी वापरतात. ती सूक्ष्म जलवनस्पतींच्या सांगाड्यांपासून झालेल्या हलक्या सच्छिद्र मातीची असते. ती माती उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं, त्यामुळें मूठभर कोळशांत पुष्कळ काम होतें, आणि तिच्याही बुडाशीं हवेची सरकती खिडकी असते. अमेरिकेंत शिकागो येथील जॉर्ज स्टीफन ह्या गृहस्थानें १९५२ सालीं, तो ज्या धातूकामाच्या कारखान्यांत होता तेथें तयार होणारा बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारा खुणेचा पोकळ गोळा, मधोमध कापून एका अर्धाची शेगडी व दुसऱ्याचें झांकण केलें. उघड्या शेगडीवर वाऱ्यानें व राखेनें त्याचें अन्न बिघडत असे, तें झांकणानें थांबलें. खालीं व वर भोकें ठेवल्यामुळें हवा कमीजास्त करतां येऊं लागली. आज दुकानांत दिसणारी झांकणाची गोल शेगडी ती हीच.

आतां दुकानांत काय पाहावें? शेगडी उभी करून वरून तळहातानें दाबावी. डगमगली तर ती तेथेंच सोडावी, कारण पेटल्यावर तिच्यावर भांडें ठेवावयाचें आहे आणि भोंवतीं मुलें धांवणार आहेत. पाय निदान वीतभर उंच असावे. आंत कोळशासाठीं निराळी जाळी आहे कीं नाहीं, हें अवश्य पाहावें. कित्येक घडीच्या शेगड्यांत कोळसा थेट पत्र्यावर टाकावा लागतो. मग राख सांचते, खालची हवा कोंडते, आणि मुलें तोंडानें फुंकून फुंकून डोळे लाल करून घेतात. फार पातळ पत्रा दोन सहलींतच वांकडा होतो. वरची जाळी कोळशापासून चार बोटें तरी वर असावी व ती गंज न चढणाऱ्या पोलादाची असावी. जस्ताचा मुलामा दिलेली तार अन्नासाठीं कधींही वापरूं नये. तीव्र आंचेवर त्या जस्ताची वाफ निघते व ती छातींत गेल्यास हुडहुडी भरून ताप येतो. आकारासंबंधीं पालकांचा आग्रह नेहमीं मोठ्या शेगडीकडे असतो. ती पाठीवर वाहून नेणारा मुलगा असतो, पालक नव्हे, इतकेंच येथें सुचवितों.

गॅसच्या शेगडीविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. ती चटकन पेटते व विझते, राख नाहीं, आणि घरच्या मोटारीनें जाणाऱ्या मंडळीस सोयीची आहे. परंतु आमचीं मुलें आगगाडीनें जातात, व आगगाडींत ज्वालाग्राही वायूचीं नळकांडीं, रॉकेल किंवा पेट्रोल नेण्यास मनाई आहे. शिवाय लहान नळकांड्यांत पुष्कळदां ब्युटेन असतो. त्याचा उत्कलनबिंदु शून्याखालीं केवळ अर्धा अंश आहे. त्यामुळें थंड रात्रीं, आणि वायु निघतांना नळकांडें आपोआप गार होत असल्यानें, ज्योत मंदावते.

शेगडी पेटविण्यास घाई उपयोगाची नाहीं. भोकें पाडलेल्या पत्र्याच्या उभ्या डब्यांत वर कोळसे व खालीं चुरगळलेला कागद घालून पेटवावा. पंधरावीस मिनिटांत सर्व कोळसे आपोआप धरतात. पेटत्या कोळशावर रॉकेल ओतूं नये. पेट्रोलचें तर नांवच काढूं नये. कोळशावर करड्या राखेचा पातळ थर दिसूं लागला, म्हणजे शेगडी तयार झाली. मग सगळे निखारे एका बाजूस सारावे व दुसरी बाजू मोकळी ठेवावी. पदार्थ आंचेवर भाजावा आणि करपूं लागला, कीं मोकळ्या बाजूस सरकवावा. मुलें ही युक्ति विसरतात, आणि बाहेर काळें व आंत कच्चें असें वांगें शिक्षकांच्या ताटांत येतें! तेल किंवा चरबी गळून भडका उडाला तर पाणी न ओततां पदार्थ बाजूस घ्यावा. मुलांनीं कणसें, रताळीं, वांगीं, पापड ह्यांवर हात बसवावा. कोंबडी भाजावयाची तर उष्णतामापक बरोबर असावा. मांसाच्या पोटांत ७४ अंश सेल्सिअस उष्णता पोहोंचली पाहिजे, आणि कच्चें मांस ज्या ताटांत होतें त्यांत भाजलेलें वाढूं नये.

आतां जी हकीकत सांगावयाची, ती सांगतांना आम्हांस अजूनही संकोच वाटतो. कांहीं वर्षांपूर्वीं जानेवारींत आम्ही मुलांस घेऊन भंडारदऱ्यास गेलों होतों. तेथें प्रवरेच्या धरणाकांठीं रात्रीं दांतांवर दांत वाजावे अशी थंडी पडते. जेवणें झालीं. शेगड्यांतील विस्तव खालावला होता. ज्वाला नाहीं, धूर नाहीं, राखेखालीं थोडी लाली तेवढी. मुलांस निजावयास सांगून आम्ही हिशेब लिहीत बसलों. तासाभरानें एक मुलगा आला. डोकें दुखतें, मळमळतें, असें म्हणाला. त्या रात्रीं मटण होतें, आणि ह्या गृहस्थानें तें तीनदां मागून घेतलें, हें आम्हीं स्वतः पाहिलें होतें. आम्हीं त्यास ओवा चावावयास दिला, चार शब्द सुनावले, आणि पुन्हां त्याच तंबूंत निजावयास पाठविलें.

पाऊण तासानें दुसरा आला. तंबू तोच, तक्रारही तीच. हा मुलगा मांस खात नसे. त्या रात्रीं तो दहींभात खाऊन उठला होता. तेव्हां कोठें आमचे डोळे उघडले. तंबूचें दार सोडतांच तोंडावर ऊबदार वाफ आली. मधोमध शेगडी होती, आणि तिच्या भोंवतीं चार मुलें निजलीं होतीं. तिघें बाहेर ओढतांच जागे झाले. चौथा, तोच ओव्याचा, हांकेस नुसता कण्हला. त्यास गाडींत घालून रुग्णालयांत नेलें. तेथें त्याच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा बांधला. पहांटे त्यानें चहा मागितला, तोंपर्यंत आमचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेगडी आंत कां नेली, असें मागाहून विचारलें असतां मुलें एकमुखानें म्हणालीं, “सर, धूर येत नव्हता, म्हणून नेली.” त्यांस काय म्हणावें? कोळसा बिनधुराचा असतो, हें आम्हींच त्यांस दुपारीं कौतुकानें शिकविलें होतें.

हवा अपुरी पडली, कीं निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु अधिक निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, डोळ्यांस तो झोंबत नाहीं. आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायु वाहून नेतें; परंतु ह्या वायूची त्याच्याशीं सलगी प्राणवायूपेक्षां २०० हून अधिक पटींनीं घट्ट आहे. त्यामुळें श्वास चालूं असतांही शरीराची उपासमार होऊं लागते. आरंभीं डोकें दुखतें, मळमळतें, घेरी येते. मग झोंप येते, आणि जो आधींच निजला आहे त्यास कांहींच कळत नाहीं. हीं लक्षणें अपचनासारखीं दिसतात, म्हणून आम्ही फसलों. एका तंबूंतील दोघांस एकाच वेळीं तीं होऊं लागलीं व बाहेर येतांच कमी झालीं, तर पोटास दोष न देतां सर्वांस मोकळ्या हवेंत काढावें व डॉक्टर गांठावा. नुसत्या हवेंत रक्तांतील हा वायु निम्मा होण्यास सुमारें ४ ते ५ तास लागतात. शुद्ध प्राणवायु मिळाल्यास तें काम सुमारें दीड तासांत होतें. तंबूचें दार अर्धें उघडें ठेवून भागेल, असें कित्येक पालक सुचवितात. भागत नाहीं. तंबू, खोली, मोटार, ह्यांपैकीं कोठेंही शेगडी नेऊं नये, मग ती कोळशाची असो वा गॅसची.

विझविण्याचें कामही दिसतें तितकें सोपें नाहीं. राख ही निखाऱ्याची गोधडीच होय; तिच्याखालीं तो रात्रभर जिवंत राहूं शकतो. म्हणून कोळसे पसरून थोडें थोडें पाणी घालावें, तोंड दूर ठेवावें, ढवळावें, पुन्हां पाणी घालावें, आणि सगळें गार झाल्यावरच राख डब्यांत भरून परत आणावी. ती वाळक्या पानांत किंवा झाडाच्या बुंध्याशीं ओतूं नये. राखीव जंगलांत तर शेगडी पेटविण्यापूर्वींच परवानगी पाहिजे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या २६ व्या कलमाप्रमाणें तेथें वनाधिकाऱ्यानें ठरविलेल्या काळाखेरीज विस्तव पेटविणें, ठेवणें किंवा नेणें हा गुन्हा आहे.

आमच्या शिबिरांत आतां रात्रीं दोन हजेऱ्या होतात. पहिली मुलांची. दुसरी शेगड्यांची, तंबूंपासून वीस पावलांवर, उघड्यावर, त्या एका ओळींत मांडलेल्या असतात, आणि आम्ही कंदील घेऊन प्रत्येकीची राख स्वतः चिमट्यानें उकरून पाहतों.