काटक मनी प्लांटची उपासमार

मनी प्लांटविषयी बहुतेक घरांत एकच मत ऐकू येते: त्याला काही लागत नाही. फ्रिजवर, टीव्हीच्या मागे, जिन्याच्या कोपऱ्यात, न्हाणीघरातल्या बाटलीत, कुठेही ठेवा, तो जगतो. हे मत खोटे नाही, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. झाड लवकर मरत नाही यावरून एवढेच सिद्ध होते की ते उपासमार फार काळ सोसू शकते. उपासमार होतच नाही, असे त्यावरून ठरत नाही. घरोघरचे मनी प्लांट नीट पाहिले तर चित्र साधारण सारखे असते: चार-पाच हात लांब उघडा वेल, टोकाला मोजकी पाने, दोन पानांमधले अंतर वाढत गेलेले आणि प्रत्येक नवे पान आधीच्यापेक्षा लहान. वेल जिवंत आहे, पण खंगत चालला आहे. त्याला काय हवे ते समजायचे असेल, तर तो मुळात कुठे आणि कसा वाढतो हे आधी पाहायला हवे.

मनी प्लांट, म्हणजे एपिप्रेम्नम ऑरियम, हा अळू-सुरणाच्याच कुळातला वेल. तो मूळचा प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटाचा. हे बेट आज फ्रेंच पॉलिनेशियात येते. दमट जंगलात तो जमिनीवरून सरपटत एखादे खोड गाठतो, गाठीगाठीवरच्या हवाई मुळांनी सालीला चिकटतो आणि उजेडाकडे चढत जातो. जसजसा वर जातो तसतशी पाने मोठी होतात. पूर्ण वाढलेला वेल २० मीटरपर्यंत जातो आणि त्याचे पान १०० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद होऊ शकते. मोठ्या पानांना कडेपासून आतवर चिराही पडतात. कोकण-गोव्यातल्या बागांत सुपारी-नारळाच्या खोडावर चढलेल्या वेलाला अशीच हातभर पाने येतात. अनेकांना ती वेगळीच जात वाटते. प्रत्यक्षात आपल्या बैठकीतला तळहाताएवढ्या पानांचा मनी प्लांट हा त्याच वेलाचा बाल्यावस्थेत अडकून राहिलेला अवतार आहे.

मग तो इतका काटक कसा? कारण या वेलाचा सारा संसार बियांवाचून चालतो. आपणहून फुलल्याची त्याची शेवटची ज्ञात नोंद १९६४ सालची आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात यामागचे कारण उलगडले: जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारे एक जनुक या वेलात काम करत नाही. ते संप्रेरक बाहेरून दिल्यावर वेलाला फुले आली. एरवी जगभरचा मनी प्लांट तुकड्यातुकड्यांनीच पसरला आहे. खोडाच्या प्रत्येक गाठीत मूळ आणि नवा फुटवा देण्याची ताकद असते. मांसल खोडात पाणी साठते. म्हणून तोडला, विसरला, अंधारात टाकला तरी तो तग धरतो. ही संकटकाळासाठीची शिदोरी आहे, आणि आपण तिलाच त्याचे रोजचे जेवण समजून बसलो आहोत.

सगळ्यांत मोठी चूक उजेडाची. भर दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो; खिडकीपासून दूर, खोलीच्या आतल्या भागात तो काहीशे लक्सवर येतो. आपले डोळे त्याला सरावतात, त्यामुळे खोली उजळच वाटते. पानाला मात्र प्रकाशातून अन्न करायचे असते, आणि श्वसनासाठी त्यातले काही रोज खर्चही करायचे असते. अंधाऱ्या कोपऱ्यात ही मिळकत जेमतेम खर्चाइतकी होते. वाढीसाठी काही उरत नाही. ‘आमचा तर दहा वर्षे न्हाणीघरात आहे’ या म्हणण्याला उत्तर हेच की त्या दहा वर्षांत त्याच्या पानांचे काय झाले ते पाहा. पिवळ्या-पांढऱ्या छटांच्या जातींचे आणखी कठीण, कारण त्या पट्ट्यांत हरितद्रव्य कमी असते. उजेड कमी पडला की नवी पाने हिरवीगार येऊ लागतात. पूर्वेची खिडकी, किंवा पश्चिम-दक्षिणेच्या खिडकीपाशी पातळ पडद्याआडची जागा उत्तम. एप्रिल-मेचे थेट ऊन मात्र पाने करपवते, ते टाळावे.

दुसरी चूक पाण्याची. जंगलातला वेल म्हटला की भरपूर पाणी लागणार, असे वाटते. पण त्याची मुळे पालापाचोळ्यात आणि सालींवर वाढतात. तिथे ओल असते आणि हवाही असते. कुंडीत माती सतत चिंब राहिली की मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेली मुळे पाणी ओढू न शकल्याने पाने मलूल होतात. मलूल पान पाहून आपण आणखी पाणी घालतो. बरेचसे मनी प्लांट असेच दगावतात. देशावरची नुसती काळी माती कुंडीत भरणे म्हणूनच धोक्याचे. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की दगडासारखी आवळते. बागेची माती, गांडूळखत, कोकोपीट आणि थोडी जाड वाळू किंवा भाताचे तूस यांचे मोकळे मिश्रण चांगले. कुंडीच्या तळाला भोक हवेच. बोट दोन पेरे मातीत घालावे, कोरडे लागले तरच पाणी द्यावे. पावसाळ्यात हवा दमट असल्याने माती उशिरा वाळते, तेव्हा हात आखडता घ्यावा. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम पुरते. दूध किंवा साखरेची चहापत्ती घालू नये. त्याने बुरशी आणि चिलटे येतात.

बाटलीतल्या पाण्यात वेल वाढतोच की, हा आक्षेप रास्त आहे. पाण्यात मुळे फुटतात, वेल वर्षानुवर्षे राहतोही. पण नळाच्या पाण्यात पोषणद्रव्ये फारशी नसतात, त्यामुळे वाढ खुंटते. शिवाय डेंगीचा प्रसार करणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत अंड्यातून डास तयार होतो. ती अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटतात. म्हणून पाणी दर आठवड्याला बदलावे आणि बाटली आतून घासावी. एवढे जमणार नसेल तर मुळे फुटताच वेल मातीत लावणे शहाणपणाचे.

तिसरी गोष्ट आधाराची. लोंबता वेल सुंदर दिसतो, पण लोंबणारी फांदी आधार न सापडलेली असते आणि तिची पाने लहानच राहतात. कुंडीत काथ्या गुंडाळलेला खांब रोवून तो ओलसर ठेवला, की हवाई मुळे त्यात शिरतात आणि पाने रुंदावतात. लहान घरात खांबाला जागा नसते, भिंतीवर चढवला तर मुळे रंग खराब करतात, हे खरे. अशा वेळी वेल लोंबता ठेवायला हरकत नाही, फक्त छाटणी करावी. वेल टोकाकडेच वाढतो आणि उघड्या पडलेल्या भागावर पुन्हा पाने येण्याची वाट पाहणे व्यर्थ असते. टोक कापले की कापाच्या मागच्या डोळ्यातून फुटवा येतो. कापलेल्या तुकड्याला किमान एक गाठ असेल तर त्याचे नवे रोप होते; ते त्याच कुंडीत लावून ती भरगच्च करता येते.

काही जण म्हणतील, पाने लहान राहिली म्हणून काय बिघडले, हवा तर शुद्ध होते! हा समज नासाच्या १९८९ च्या प्रयोगांतून पसरला. ते प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांत केलेले होते. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. इमारतीत हवा खेळती असल्याने जेवढी शुद्धी आपोआप होते, तेवढी झाडांकडून हवी असेल तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असे त्यात दिसले. तेव्हा खिडकी उघडणे हाच खरा उपाय. घरात रांगते मूल किंवा मांजर-कुत्रा असेल तर आणखी एक काळजी: अळूला खाज आणणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक याच्या पानांतही असतात आणि चावल्यास तोंडाची आग होते. कुंडी हाताला न लागेल अशी ठेवावी.

या वेलाकडून संपत्ती किंवा शुद्ध हवा मागण्याआधी त्याच्या गरजा पुरवायला हव्यात, आणि त्या पुरवणे अवघड नाही. नवी कुंडी वा महागडे खत आणण्याआधी आहे तोच वेल खिडकीपाशी सरकवावा, पाण्याची घाई सोडावी, उघडा भाग छाटावा. मग येणारे पान आधीच्या पानाशेजारी धरून पाहावे. ते मोठे निघाले तर उपासमार थांबली आहे; लहान निघाले तर उजेड, मुळे आणि आधार याच क्रमाने पुन्हा शोध घ्यावा.